चौथा होकार

सरोजिनीताईंचा फोन आला की मी आधी घोटभर पाणी पिऊन घेते, कारण काहीतरी काम गळ्यात घातल्याशिवाय त्या फोन ठेवत नाहीत. या वेळचं काम असं, की मंडळाची स्मरणिका निघतेय, तिच्यात कोरोनाच्या काळातल्या आपल्या हॉलवर एक लेख हवा आणि तो मी लिहायचा. विषयही त्यांनीच ठरवून टाकलेला. नूरीआपा. तिने हाताने शिवलेले मास्क, मग आपलं सगळ्यांचं ऑनलाइन जाणं, एकमेकींना धरून राहणं, असं सगळं येऊ दे म्हणाल्या, वाचणाऱ्याला उभारी वाटली पाहिजे. मी म्हटलं, लिहिते.

लिहिलाही. चारशे शब्दांचा, गुळगुळीत. ताई खूश झाल्या. पण तो लेख पाठवल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, कारण त्यातलं एकेक वाक्य खरं आहे आणि सगळा लेख मिळून शुद्ध थाप आहे. मी गणिताची शिक्षिका. मुलांनी उत्तर बरोबर लिहून मधली पायरी गाळली तर मी अर्धे गुण कापते. तर ही गाळलेली पायरी.

कुवेतमधल्या सालमियात आम्ही राहतो त्याच इमारतीत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या डोक्यावर, एक बुटक्या छताचा मेझनीन, म्हणजे दोन मजल्यांमधला अर्धा मजला होता. २०१६ साली तो आम्ही चौघींनी मिळून भाड्याने घेतला, तोच आमचा हॉल. सरोजिनीताई पुण्याच्या, गाणं शिकवायच्या. प्रणिता मुंबईची, एका कंपनीसाठी पाइपिंगची ड्रॉइंग करून द्यायची; कानांत हेडफोन घालून बसली की भूकंप झाला तरी तिला पत्ता नाही. मी नाशिकची, आठवी ते बारावीचं गणित. आणि चौथी नूरीआपा, श्रीवर्धनकडची, शिवणकामवाली. घरात जागा नाही आणि घरात काम होत नाही, एवढाच आमच्यातला समान धागा. बाकी सगळा आनंद होता.

आपाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती हारिसशी, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराशी भांडत होती. तिची इंटरलॉकची मशीन चांगली जड, लोखंडी पायांची. ती लिफ्टमधून न्यायची नाही असं त्याचं म्हणणं. तो अरबीत, ही कोकणीत. पाच मिनिटांनी तो मुकाट्याने मशीनचं एक टोक धरून वर चढत होता आणि ही मागून सूचना देत होती. उंचीला पाच फूट असेल नसेल, पण आवाज खणखणीत. डोक्यावरचा स्कार्फ कामाच्या वेळी मागे बांधलेला, तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांसकट बोलायची. पहिल्याच दिवशी माझ्या अंगातल्या ड्रेसकडे बघून म्हणाली, हा कोणी शिवला, त्याला परत कापड देऊ नको. राग आला होता मला. दुसऱ्या दिवशी मीच तो ड्रेस घेऊन गेले.

ती अबू हलीफाला राहायची, बसने यायची. तिथे एका फ्लॅटमधल्या एका खोलीत हे तिघं, आपा, तिचा नवरा आमिर आणि मुलगी इक्रा. दुसऱ्या खोलीत रुग्णालयात रात्रपाळी करणारं नवरा-बायकोचं जोडपं. ते दिवसा झोपणार, तेव्हा मशीनचा आवाज बंद. त्यामुळे तिला हॉल ही चैन नव्हती. आम्हा तिघींचं हॉलवाचून अडलं असतं, तिचं थांबलंच असतं. आमिरभाई मासळीच्या एका व्यापाऱ्याकडे व्हॅन चालवायचे, त्यात घर चालायचं. इक्राची शाळा मात्र आपाच्या मशीनवर चालायची. हे ती स्वतःच सांगायची, त्यात लाज नाही की फुशारकी नाही.

हॉल चालवायचा म्हणजे कसरत होती. चारला ताईंचा गाण्याचा क्लास सुरू झाला की आपा मशीन बंद करायची आणि काज-बटण, तुरपाई असली हातकामं काढायची. सहाला गाणं संपलं की मशीन सुरू. माझी मुलं मागच्या भिंतीशी, फळ्यापुढे. इक्रा शाळेतून आली की आईच्या मशीनच्या टोकाशी वही टेकवून बसायची आणि माझ्या वर्गातली गणितं लांबूनच सोडवायची. सातवीत असताना ही पोरगी नववीचं समीकरण माझ्या मुलांआधी सोडवून गप्प बसायची. मी तिला पुढे बोलावलं. आपा म्हणाली, फुकट नको. तेव्हापासून माझे ब्लाउज, मुलांचे गणवेश, पडदे, सगळं तिच्याकडे, आणि इक्रा माझ्याकडे. दीड वाजता चौघींचे डबे एकत्र उघडायचे. ताई शाकाहारी म्हणून आपा त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वेगळ्या डब्यात, वेगळ्या पिशवीत आणायची. ताईंनी कधी मागितलं नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात एसीवरून जुंपली. प्रणिताला अठरावर हवा, ताईंचा गळा बसतो. तीन दिवस अबोला. मग ताईंनीच नियम काढला, की हॉलबद्दल काहीही ठरवायचं तर चौघींचा होकार हवा. तीन होकार म्हणजे शून्य होकार. एसी चोविसावर आला आणि नियम कायम राहिला. चार वर्षं आम्ही साधी खुर्चीसुद्धा चार होकारांशिवाय आणली नाही.

आता यात एक गोष्ट होती. आपाचं शिक्षण उर्दू शाळेत, सातवीपर्यंत. उर्दू ती झरझर वाचायची. देवनागरी अक्षर अक्षर लावत, आणि दोन ओळींत वैतागायची. आणि ताई ग्रुपवर लिहिणार म्हणजे निबंध. "सर्व भगिनींना नम्र निवेदन" इथून सुरुवात. तेव्हा अगदी सुरुवातीलाच मी एक काम अंगावर घेतलं. ताईंचा मेसेज आला की मी तो माझ्या शब्दांत बोलून आपाला आवाजी निरोप पाठवायचा. ती ऐकून "बरं" किंवा "नाय जमायचं" असं बोलून पाठवायची, आणि ते मी ग्रुपवर लिहायचे. कुणी हे ठरवून दिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आपाचा होकार माझ्या हातातून जायचा. एकदा ताईंनी तिला थेट फोन करून काहीतरी विचारलं, तर म्हणाली, मुक्ताचा निरोप येऊ दे, मग सांगतंय.

मग २०२० चा मार्च आला. शाळा बंद, विमानतळ बंद, बस बंद, आणि संचारबंदी. जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, भाजी आणायला जायचं तरी मोबाइलवर वेळ घ्यायची. अबू हलीफाच्या शेजारचं महबूला तर कुंपण घालून बंद केलं. आम्ही मात्र बघता बघता सावरलो, हे कबूल करायला हवं. ताईंनी पंधरा दिवसांत संगणकावर गाणं शिकवायला सुरुवात केली. गळा त्यांचा, आणि तंबोरा मोबाइलमधला. प्रणिताला फरकच पडला नाही, ती आधीही कुणाशी बोलत नव्हती. माझ्याकडे तर मुलं वाढली. सालमियाची होती, ती फहाहीलची आली, सलवाची आली, एक तर दुबईचा. बस नको, जिना नको, बटण दाबलं की वर्ग. चौथ्या आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं होतं, आपण किती पटकन शिकलो ना. वर टाळ्या वाजवणारे हात.

आपाने त्यावर काही पाठवलं नाही. बंद हॉलमध्ये तिची मशीन होती आणि ती अबू हलीफाच्या खोलीत. शिवण काही संगणकावरून होत नाही. ती गप्प बसणारी नव्हती, म्हणून तिने जुन्या चादरी कापून हातानेच मास्क शिवले, एकेक टाका घालून, चाळीस. आमिरभाईंना मासळीच्या व्हॅनचा परवाना होता, ते येऊन आमच्या तिघींच्या घरी आणि हारिसकडे देऊन गेले. आम्ही ग्रुपवर हात जोडले. त्या दिवशी मी तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मुक्ता, बाकी सगळं जाऊ दे, हॉल राहू दे. तो हाय म्हणून इक्राची बारावी हाय." इक्राची दहावी नुकतीच संपली होती. बारावी होईपर्यंत दोन वर्षं इथे टिकायचं, मग पुढचं पुढे, असा तिचा हिशेब होता. मी म्हटलं, हॉल कुठे जातोय आपा.

हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे.

आता माझ्या घराची हालत सांगते. सबब म्हणून नाही, पण सांगायला हवी. एक झोपायची खोली, एक बाहेरची. नवरा जयदीप पेट्रोकेमिकलमध्ये, एक आठवडा प्लांटवर, एक आठवडा घरून, आणि घरून म्हणजे मोठ्या आवाजात. दोन मुलं, दोघांच्या शाळा पडद्यावर. मी बाथरूममध्ये वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून द्विपदी शिकवायचे. एकदा मशीन सुरू आहे हे विसरले, ती पिळायला लागली आणि लॅपटॉपसकट माझा चेहरा मुलांना थडथडताना दिसला. मुलं हसली. मी रडले. दाराला कडी असलेली एक खोली, एवढंच मला त्या जूनमध्ये हवं होतं. देवाकडेसुद्धा मी दुसरं काही मागितलं नसतं.

आणि मालकाचा माणूस नेमका तेव्हा आला. इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचं कुटुंब कायमचं परत गेलं होतं. फ्लॅट रिकामा, एक खोली जास्त, भाडं आमच्या आवाक्यातलं. मागणारे बरेच आहेत म्हणाला. पण मेझनीन एका दुकानदाराला हवा आहे, तुम्ही बायकांनी जून संपायच्या आत कटकट न करता तो सोडला तर चौथा मजला तुमचा. कटकट न करता, हे तो दोनदा म्हणाला. मी जयदीपला एवढंच सांगितलं की फ्लॅट मिळतोय. मेझनीनचं सांगितलं नाही. त्यालाही नाही, कुणालाच नाही.

मी ताईंना फोन केला. इतकी गोड बोलले की माझी मलाच कीव यावी. ताई, आता कुणालाच हॉलची गरज उरली नाही, आपण सगळ्या घरून करतोय, उगीच कशाला धरून ठेवायचा. ताईंच्या नवऱ्याच्या नावावर करार होता, त्यांनाही तो जडच होत होता. तरी त्यांनी विचारलं, नूरीचं काय? मी म्हटलं, ती तरी कुठे येऊ शकतेय, बसच बंद आहेत. हे खरं होतं. खरं बोलून केलेली लबाडी पचायला सोपी जाते, हे मला तेव्हा कळलं.

ताईंनी रविवारी मेसेज लिहिला. त्यात शेवटची ओळ माझी होती, मीच सुचवलेली, की काळच असा आहे, तेव्हा गुरुवार संध्याकाळपर्यंत ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांचा होकार धरण्यात येईल. चार वर्षांत अशी ओळ कधी नव्हती. ताई म्हणाल्या, नूरीला तू सांगशीलच. मी म्हटलं, हो.

सोमवारी मी फोन हातात घेतला, बटण दाबलं, "आपा" म्हटलं आणि थांबले. काय सांगणार होते? तिला सांगितलं असतं तर तिने "नाय जमायचं" म्हटलं असतं, तीन होकारांचं शून्य झालं असतं आणि चौथा मजला दुसऱ्या कुणाला गेला असता. मी ते रेकॉर्डिंग पुसलं. मंगळवारी स्वतःशी म्हटलं, उद्या. बुधवारी मेसेज उघडून बघितला, तर तिच्या नावापुढे निळी खूण होती. म्हणजे तिने बघितला. मला हायसं वाटलं. बघितलाय ना, मग विचारील ती, मी कशाला. तिला ताईंचा मेसेज वाचता येत नाही हे चार वर्षं सगळ्या ग्रुपमध्ये मला एकटीला नीट माहीत होतं, आणि त्या निळ्या खुणेवर मी जाऊन बसले.

गुरुवारी संध्याकाळी ताईंनी लिहिलं, चारही होकार, जड अंतःकरणाने.

शनिवारी सकाळी आमिरभाई व्हॅन घेऊन मशीन न्यायला आले. त्यांना ताईंनी कळवलं असणार असं मी धरून चालले, आणि ताईंनी धरलं की मी. जयदीप आणि हारिसने मशीन खाली उतरवली. आमिरभाई मास्कच्या आडून एवढंच म्हणाले, नूरीने सलाम सांगितलाय. दुपारी मी तिला फोन केला, कारण न करणं फारच उघडं पडलं असतं. मी म्हटलं, आपा, काय करणार, सगळ्यांनी ठरवलं. ती म्हणाली, बरं. दुसरं काही नाही. एवढी भांडकुदळ बाई, हारिसला मशीन उचलायला लावणारी, आणि नुसतं बरं. मी सुटले म्हणून मला बरं वाटलं.

मशीन अबू हलीफाच्या पॅसेजमध्ये चादर घालून उभी राहिली. शेजारच्या जोडप्याने येता-जाता ठेच लागते म्हणून तक्रार केली. मासळीचं काम निम्म्यावर आलं. ऑगस्टमध्ये भारतात परत नेणारी खास विमानं चालली होती, त्यातल्या एकात आपा आणि इक्रा बसल्या. आमिरभाई इथेच राहिले, चौघांबरोबर एका खोलीत. मशीन त्यांनी कुणालातरी देऊन टाकली. निघायच्या आधी इक्राने मला मेसेज केला होता, आंटी, कॅन आय जॉइन युअर ऑनलाइन क्लास फ्रॉम देअर. मी लिहिलं, कधीही. ती दोनदा आलीही. गावाकडे नेट धड नाही. तिचा चेहरा थिजायचा, आणि "आंटी, युअर व्हॉइस इज ब्रेकिंग" एवढंच तुटक ऐकू यायचं. तिसऱ्या वेळी ती आली नाही. माझ्यापुढे तेव्हा चाळीस मुलं होती. चौकशी करायला पाच मिनिटं लागली असती. तालुक्याच्या कॉलेजात तिच्या वर्षी सायन्सला जागा उरली नव्हती, तिने आर्ट्स घेतलं, हे मला वर्षभराने आमिरभाईंकडून कळलं. रस्त्यात भेटले होते. मला बघून ओळखीचं हसले, त्यांनी काहीच मनात ठेवलं नव्हतं, आणि मी चप्पल विकत घ्यायच्या निमित्ताने समोरच्या दुकानात शिरले.

पाच वर्षं मी चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत शिकवतेय. दार लागतं, फळा आहे, दिवा आहे. रोज चारला वर्ग सुरू करताना पहिलं अर्धं मिनिट मला काहीतरी होतं. मग मुलं गुड इव्हनिंग म्हणतात आणि ते जातं. सवय होते म्हणतात. अर्ध्या मिनिटाच्या खाली अजून आलेलं नाही.

तर स्मरणिकेसाठी तपशील हवे होते म्हणून मी गेल्या आठवड्यात आपाला फोन केला. खरं तर तपशील नको होते. मला कारण हवं होतं. शुक्रवार, इथे दुपारचे तीन. फोन लागला, आणि तोच खणखणीत आवाज, कोण, मुक्ता? जाडी झालीस की नाय? मी वही उघडून बसले. कुवेतला कधी आलीस, लग्न होऊन २००३ ला. शिवण कुणाकडे शिकलीस, सासूच्या पायमशीनवर. तीच पायमशीन आता परत चालवते, शाळेचे गणवेश शिवते. इक्रा बी.ए. झाली, गावातल्या ई-सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरते. "हिशेबात एक नंबर हाय," आपा म्हणाली. मास्कचं काय लिहू असं विचारलं तर म्हणाली, लिही की कापड जुनं होतं, पण टाका चांगला होता.

मी वही मिटली. म्हटलं, आपा, एक सांगायचंय. हॉल सोडायचा मेसेज आला होता ना, त्याचा निरोप मी तुला पाठवला नाही. विसरले नव्हते, मुद्दाम पाठवला नाही.

 मागे बादलीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, नळ आलाय, जरा थांब हां, आणि फोन इक्राच्या हातात गेला. इक्राचा आवाज मोठा झालाय, बाईचा झालाय. स्पीकर चालू असावा, कारण ती म्हणाली, "आंटी, शी न्यू. आय रेड इट टू हर. त्याच दिवशी, संडेला."

शाळेत इक्राला हिंदी होतं. देवनागरी तिला माझ्या मुलांपेक्षा चांगली यायची, तिच्या हिंदीच्या वह्या माझ्याच टेबलावर पडलेल्या असायच्या. इतकी वर्षं शिकवतेय मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. आमिरभाई व्हॅन घेऊन आपोआप कसे आले, हेही मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

इक्रा सांगत होती. तिने "नो" असं टाइप करून आईपुढे धरलं होतं. आई म्हणाली, थांब, मुक्ताचा निरोप येईल. सोमवारी थांब, मंगळवारी थांब. बुधवारी इक्रा रडली, भांडली, ग्रुप उघडून दाखवला. गुरुवारी आईने फोन घेऊन तिने लिहिलेलं पुसून टाकलं. "आय वॉज सो अँग्री विथ हर," इक्रा म्हणाली. "नॉट विथ यू. हर."

मी विचारलं, का पुसलं? इक्रा म्हणाली, आईलाच विचारा. पाण्याचा आवाज थांबला होता. आपाने फोन घेतला. धापा टाकत होती, बादली उचलून आली असावी.

"तू निरोप पाठवला नायस, तवाच मी समजले," ती म्हणाली. "तुझ्या घरात कोणतरी आजारी हाय. जयदीपभाऊ नायतर पोरांतलं कोण. तवा लोक सांगत नव्हते ना, इमारतीत कळलं तर बाहेर काढतील म्हणून. मी म्हटलं, तिच्यावर एवढं आलंय, तिला हॉल सोडायचा असंल तर आपण आडवं कशाला यायचं. आमिरना सांगितलं, व्हॅन घेऊन जा, पण तिला काय विचारू नको. रोज नमाज झाली की तुझ्या घरासाठी दुआ मागायची मी. इथं आले तरी मागत होते."

 मग तिने विचारलं, अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने, की कोण होतं गं आजारी?

खोटं बोलायला जागा होती. देवाशपथ सांगते, अर्धा क्षण मी जयदीपचं नाव घेणार होते. ते नाव घेतलं असतं तर ती सुटली असती आणि मीही.

मी म्हटलं, "कुणी नाही, आपा. मला शिकवायला एक खोली हवी होती. हॉल सोडला तर मालक वरचा फ्लॅट देणार होता."

"म्हणजे सगळी बरी होती?"

"सगळी बरी होती."

"शुकर अल्लाचा," ती म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं, हेच मला सहन होईना.  मी फोन कानाला लावून चौथ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत उभी होते. फोन कट झाला की काय म्हणून मी बघितलं, तर आकडे पुढे सरकत होते.

"खोली केवढी हाय?" तिने विचारलं.

मी सांगितलं, दहा बाय बारा असेल.

"मग माझी मशीन बसली असती त्यात," नूरीआपा म्हणाली.

मी म्हटलं, हो, बसली असती.